पदवीचा जीपीए २.७ आहे, एमपीएचसाठी अर्ज करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठातून तुम्ही जीवशास्त्रात पदवी घेतली असून १२० क्रेडिटचा एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी) ४ पैकी २.७ आहे. पहिल्या दोन वर्षांत तो २.२ होता, शेवटच्या दोन वर्षांत ३.२. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एकदा एफ (नापास) मिळाला, तो विषय पुन्हा घेऊन तुम्ही बी मिळवलात. संख्याशास्त्रात मात्र सी आहे. गेले दीड वर्ष एका काउंटीच्या आरोग्य विभागात लसीकरणाच्या नोंदींचे काम करत आहात. एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहांत आजार कसे आणि का पसरतात याचे शास्त्र) हा मुख्य विषय घेऊन एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी करायचे मनात आहे, पण एका प्राध्यापकांनी हा आकडा घेऊन कुठेही अर्ज करू नका असा सल्ला दिला. म्हणून तुम्ही विचारता की अर्ज करावा का, जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा द्यावी का आणि कमी गुणांचे स्पष्टीकरण द्यावे का.

मी एपिडेमिऑलॉजी शिकवते आणि बारा वर्षे प्रवेश समितीवर अर्ज वाचत आले आहे. अर्ज जरूर करा. मात्र त्याआधी संख्याशास्त्रातील त्या सी ग्रेडची काहीतरी व्यवस्था लावा. तुमच्या अर्जातील खरी अडचण २.७ ही नसून तो सी आहे, आणि हा फरक एकदा ध्यानात आला की पुढची बरीचशी कामे कोणत्या क्रमाने करायची ते आपोआप ठरते.

समिती जीपीए पाहते तेव्हा अर्जदार हुशार आहे की नाही याचा निवाडा करत नसते. आमच्यापुढचा प्रश्न फार व्यवहारी असतो: ही व्यक्ती पहिल्या सेमिस्टरमधील जैवसांख्यिकी आणि एपिडेमिऑलॉजी हे दोन विषय पार करेल का? एमपीएचची गाडी अडते ती बहुधा इथेच. पदव्युत्तर स्तरावर साधारणपणे ३.० राखावा लागतो, त्याखाली गेलेला विद्यार्थी प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या अटीवर जातो आणि पुढच्या सेमिस्टरलाही सावरला नाही तर त्याला अभ्यासक्रम सोडावा लागतो. असा विद्यार्थी हजारो डॉलरचे कर्ज डोक्यावर घेऊन पदवीशिवाय परततो. तो प्रसंग मी जवळून पाहिला आहे, आणि त्यात दोष विद्यार्थ्याइतकाच त्याला घाईने आत घेणाऱ्या आम्हा लोकांचाही होता. त्यामुळे कमी जीपीएचा अर्ज समोर आला की आम्ही पुरावा शोधतो, आणि तो पुरावा शक्यतो अलीकडचा, ग्रेड मिळालेला आणि आकडेमोडीच्या विषयातला असावा अशी आमची अपेक्षा असते.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाची गुणपत्रिका, मी कशी वाचते ते सांगते. एकूण जीपीए वरच छापलेला असतो. तो पाहून मी खाली उतरते आणि पेन्सिलीने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक आडवी रेघ मारते. तुमच्या बाबतीत रेघेच्या वरच्या ६० क्रेडिटचा जीपीए २.२ आणि खालच्या ६० क्रेडिटचा ३.२ येतो. हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत आणि अर्ज दुसऱ्याने केला आहे, असे मी मनाशी म्हणते. मग रेघेखालच्या विषयांची नावे वाचते, कारण सोपे विषय घेऊन आलेला ३.२ आणि बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मायक्रोबायॉलॉजी घेऊन आलेला ३.२ यांत बरेच अंतर असते. शेवटी गणित आणि संख्याशास्त्र शोधते. रेघेच्या खाली तुमच्या बाजूने बोलणारे बरेच काही असेल, पण संख्याशास्त्राशी येऊन माझी पेन्सिल थांबेल, आणि समितीतील दुसऱ्या वाचकाचीही तिथेच थांबेल.

इथे एक तांत्रिक बाब आधीच समजून घ्या, नाहीतर ऐन वेळी धक्का बसेल. सार्वजनिक आरोग्याच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज सोफास या सामाईक सेवेतून जातात. एकच अर्ज भरून तो अनेक ठिकाणी पाठवता येतो. या सेवेचा जीपीए मोजण्याचा स्वतःचा नियम आहे. तुमच्या विद्यापीठाने पुन्हा घेतलेल्या विषयाचा आधीचा एफ हिशेबातून काढून टाकला असेल, पण सोफास दोन्ही प्रयत्न धरते. चार क्रेडिटचा एफ म्हणजे शून्य गुण आणि चार क्रेडिटचा बी म्हणजे बारा गुण; विद्यापीठाच्या लेखी त्या विषयाचा जीपीए ३.० आहे, तर सोफासच्या लेखी आठ क्रेडिटमागे बारा गुण, म्हणजे १.५. तुमच्या एकूण आकड्यावर याचा परिणाम असा होतो की १२० क्रेडिटच्या ३२४ गुणांना आता १२४ ने भागावे लागते आणि २.७ चा २.६१ होतो. यात कोणाची चूक नाही आणि तक्रार करूनही उपयोग नाही. मात्र कोणत्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचा हे ठरवताना २.६१ हाच आकडा धरून चाला. याच सेवेत, जिथे जिथे एखादा कोर्स घेतला असेल त्या प्रत्येक संस्थेची नोंद करणे बंधनकारक आहे. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेला एखादा विषयसुद्धा. नको असलेली ट्रान्सक्रिप्ट विसरल्याचे नाटक करू नका. ते उघडकीस आले तर कमी जीपीएहून कितीतरी वाईट ठरते.

आता पुष्कळांना सुचणारा उपाय: आणखी विषय घेऊन एकूण जीपीए ३.० वर नेणे. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. विद्यापीठाचा २.७ धरला तरी तो ३.० करायला ३६ क्रेडिट लागतात, आणि त्या सगळ्यांत ए मिळायला हवा. म्हणजे तीन क्रेडिटचे बारा विषय, नोकरी सांभाळून कमीत कमी दोन वर्षे, आणि खर्च एका पदव्युत्तर पदवीच्या जवळपास. हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. समितीला आकडा चढलेला पाहायचा नसतो, शंका फिटलेली पाहायची असते, आणि त्यासाठी दोन, फार तर तीन विषय पुरतात.

ते कोणते? पहिला जैवसांख्यिकी. शक्य असेल तर पदव्युत्तर स्तरावरचा प्रास्ताविक कोर्स घ्या. पुष्कळ विद्यापीठांत पदवीसाठी नाव न नोंदवता, नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून एकेक विषय घेता येतो. त्यासाठीची अट बरीच सैल असते आणि काही ठिकाणी नुसती पदवी पुरते. दुसरा विषय एपिडेमिऑलॉजीची तत्त्वे. हे दोन्ही एकाच सेमिस्टरला घेऊ नका. नोकरी पूर्णवेळ असेल तर मुळीच नको. इथे बी उणे मिळाला तर तुम्ही पैसे मोजून स्वतःविरुद्धचा पुरावा विकत घेतला असे होईल. एक विषय घ्या, आठवड्याचे दहा-बारा तास त्याला द्या आणि ए मिळवा. सी मिळाला त्या काळापासून हाताची सवय सुटली असेल तर आधी एखाद्या मोफत ऑनलाइन कोर्सवर लॉगॅरिदम, संभाव्यता आणि प्रमाण विचलन उजळून घ्या. त्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र अर्जाला जोडले तरी चालेल, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी आमच्याकडे दोन अर्ज जवळजवळ सारख्याच जीपीएचे आले, दोन्ही २.६ च्या आसपास. एका अर्जदाराने सहा-सात ऑनलाइन प्रमाणपत्रे जोडली होती. दुसरीने शेजारच्या विद्यापीठात एपिडेमिऑलॉजीचा एकच पदव्युत्तर विषय संध्याकाळच्या वर्गात बसून पूर्ण केला होता, त्यात ए होता, आणि तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने शिफारसपत्रात लिहिले होते की कन्फाउंडिंग आणि इफेक्ट मॉडिफिकेशन या एपिडेमिऑलॉजीतील दोन अवघड संकल्पनांतील फरक वर्गात सर्वांत आधी या विद्यार्थिनीला उमगला. पहिल्या अर्जावर समितीची चर्चा लांबली आणि निकाल नकारात आला. दुसऱ्या अर्जावर चर्चा झालीच नाही, होकार लगेच ठरला. अध्यक्षांनी पुढची फाइल मागितली. प्रमाणपत्रे वाईट होती असे नव्हे, पण त्यांत परीक्षा कोणी, कशी घेतली हे आम्हाला कळत नाही, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे तो तसाच उरतो.

असे विषय ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा भाग म्हणूनही घेता येतात. सर्टिफिकेट हा पदव्युत्तर स्तरावरचा छोटा अभ्यासक्रम बहुधा १२ ते १८ क्रेडिटचा असतो आणि त्यांतील काही क्रेडिट पुढे त्याच संस्थेच्या एमपीएचमध्ये धरले जाण्याची शक्यता असते. मान्यताप्राप्त एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिटची असल्याने हा भाग लहान नाही. पण क्रेडिट धरले जातीलच असे तोंडी आश्वासन कोणी दिले तर ते लेखी मागून घ्या.

पुढचा मुद्दा दारांचा. अनेक विद्यापीठांत प्रवेशाला दोन दारे असतात आणि अर्जदाराला एकच दिसते. एक दार विभागाचे, जिथे माझ्यासारखी माणसे फाइल वाचतात. दुसरे ग्रॅज्युएट स्कूलचे, म्हणजे विद्यापीठाच्या त्या मध्यवर्ती कार्यालयाचे, जे सर्व विषयांसाठी किमान जीपीए ठरवते, आणि तो बहुतेक ठिकाणी ३.० असतो. विभागाला तुम्ही हव्या असलात तरी ३.० खालच्या अर्जासाठी विभागाला वर लेखी विनंती करावी लागते. काही विभाग ती दरवर्षी करतात, काहींची इच्छा नसते, काहींना परवानगीच नसते. संकेतस्थळावरच्या मजकुरातून हे कळत नाही. म्हणून शुल्क भरण्याआधी प्रवेश समन्वयकांना चार ओळींचा ईमेल लिहा आणि नेमके विचारा: किमान जीपीएची अट विभागाची आहे की ग्रॅज्युएट स्कूलची? तिच्याखालच्या अर्जदारासाठी विभाग अपवादाची विनंती करतो का? शेवटच्या ६० क्रेडिटचा जीपीए स्वतंत्रपणे पाहिला जातो का? पदवीनंतर घेतलेल्या पदव्युत्तर विषयांचे ग्रेड विचारात घेतात का? "माझा जीपीए कमी आहे, मला संधी आहे का" असे विचाराल तर "आम्ही प्रत्येक अर्ज सर्वांगीण दृष्टीने पाहतो" हे ठरीव उत्तर येईल. नेमक्या प्रश्नाला मात्र समन्वयक बहुधा नेमके उत्तर देतात, कारण निरर्थक अर्ज त्यांनाही नको असतात.

जीआरईबद्दल थोडक्यात. पुष्कळ अभ्यासक्रमांनी, विशेषतः २०२० नंतर, ती सक्तीची ठेवलेली नाही, आणि काही ठिकाणी पाठवलेले गुण पाहिलेही जात नाहीत. जिथे ती ऐच्छिक आहे आणि पाहिली जाते, तिथे तुमच्यासारख्या अर्जाला तिच्या क्वांट (गणिती) विभागाचा उपयोग होऊ शकतो. हा विभाग १३० ते १७० या पट्टीवर मोजतात. सराव चाचण्यांत १६० च्या आसपास येत असाल तर परीक्षा द्या, १५० च्या आसपास अडकत असाल तर तेच पैसे आणि तेच दोन महिने जैवसांख्यिकीच्या कोर्सला द्या. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते आणि गुण पाच वर्षे चालतात, इतके तिच्या बाजूने आहे. पण दोनांतून एकच करायचे असेल तर कोर्स. सेमिस्टरभर सांभाळलेला ए हा दोन तासांच्या परीक्षेपेक्षा आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळ असतो.

तुमची नोकरी ही अर्जातील सर्वांत दुर्लक्षित जमेची बाजू आहे. प्रश्नात तुम्ही तिच्यावर एकच वाक्य खर्च केले आहे आणि अर्जातही तेच कराल अशी मला धास्ती आहे. "लसीकरणाच्या नोंदी भरण्याचे काम" या शब्दांतून काहीच कळत नाही. पण लसीकरणाच्या नोंदवहीत काम करणाऱ्याला दुहेरी नोंदींची डोकेदुखी माहीत असते. एकाच मुलाचे नाव दोन दवाखान्यांतून दोन वेगळ्या स्पेलिंगने येते, पहिले दोन डोस एका नोंदीत जातात आणि तिसरा दुसऱ्या नोंदीत. संगणकाच्या दृष्टीने ही दोन मुले असतात आणि दोघांचेही लसीकरण अपुरे. अशा नोंदी साचल्या की छेद, म्हणजे मुलांची एकूण संख्या, फुगतो आणि लसीकरणाचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसते. तुम्ही अशा नोंदी जुळवल्या असतील तर कशा जुळवल्या, जन्मतारीख आणि पत्ता यांचा आधार कसा घेतला, महिन्याला साधारण किती नोंदी हाताळल्या, शंका आली तेव्हा कोणाला विचारले, हे लिहा. असा एक परिच्छेद वाचणाऱ्याला समजते की या व्यक्तीला अंश-छेदाची अक्कल आहे, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. एपिडेमिऑलॉजीच्या अर्जाला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. उलट, पाच संस्थांत दोन-दोन शनिवार केलेले स्वयंसेवी काम आम्ही वाचतो आणि विसरतो.

वेळ आणि इच्छा असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या बीआरएफएसएस आणि एनहेन्स या आरोग्य सर्वेक्षणांची माहिती कोणालाही उतरवून घेता येते. त्यांतून एक छोटा प्रश्न घ्या, आर या मोफत प्रणालीत दोन तक्ते आणि एक आलेख करा, दोन पाने लिहा, आणि मर्यादा काय आहेत ते प्रामाणिकपणे सांगा. सर्वेक्षणातील उत्तरांना वेटिंग, म्हणजे कमी-जास्त भार, का द्यावे लागते हे न कळता केलेले विश्लेषण मात्र जोडू नका. आमच्यातील जैवसांख्यिकीवाले त्यावर तुटून पडतात.

कमी गुणांचे स्पष्टीकरण द्यावे का, तर द्यावे. पण लहान, आणि एसओपीच्या (अर्जासोबतच्या उद्दिष्टांच्या निवेदनाच्या) बाहेर, वेगळ्या पुरवणीत. अर्जात तशी जागा नसेल तर एसओपीच्या उत्तरार्धात तीन-चार वाक्यांत. अर्ज इंग्रजीत जाईल, मी इथे आशय मराठीत मांडते. आमच्याकडे बहुतांश पुरवण्या अशा येतात: "काही अत्यंत कठीण वैयक्तिक परिस्थितीमुळे मला माझ्या क्षमतेनुसार कामगिरी करता आली नाही. या अनुभवाने मला अधिक कणखर बनवले. माझे गुण ही माझी खरी ओळख नव्हे." या तीन वाक्यांत एकही तथ्य नाही. परिस्थिती कोणती, ती कधी सुरू झाली, कधी संपली, आणि संपली हे आम्ही कशावरून मानायचे? शेवटच्या वाक्यात तर समितीशी वादच घातला आहे.

आता समजा, पहिल्या दोन वर्षांत तुम्ही नोकरी करत होता. मग असे लिहिता येईल: "पहिली चार सेमिस्टर मी आठवड्याला ३० तास काम करून प्रत्येक सेमिस्टरला १५ क्रेडिट घेत होते, त्या काळातील माझा जीपीए २.२ आहे. तिसऱ्या वर्षापासून मी कामाचे तास १२ वर आणले आणि त्यानंतरच्या ६० क्रेडिटचा जीपीए ३.२ आहे. संख्याशास्त्रात मला सी मिळाला होता, म्हणून या वर्षी जैवसांख्यिकीचा पदव्युत्तर विषय घेतला. त्यात ए आहे." मोजके आकडे, एक कारण, एक बदल आणि एक पुरावा. दयेची याचना नाही, कणखरपणाची जाहिरात नाही. समितीतील जो सदस्य तुमची बाजू मांडणार आहे, त्याला बैठकीत वाचून दाखवायला तयार वाक्ये मिळाली. कारण नोकरीऐवजी आजारपण किंवा घरातील मृत्यू असेल तरी साचा हाच ठेवा. मानसिक आजाराचा तपशील देण्याची गरज नाही. "वैद्यकीय कारण, ज्यावर उपचार झाले आणि जे आता नियंत्रणात आहे" एवढे पुरते. आणि कारण काहीच नसेल, एकोणिसाव्या वर्षी अभ्यासात लक्षच नव्हते, तर तेही एका वाक्यात सांगता येते. खरे सांगायचे तर मला ते वाक्य बनावट संकटापेक्षा जास्त पटते.

वेगळी पुरवणी दिली असेल तर एसओपीत गुणांचा विषय काढूच नका. तिथे एकच आरोग्यप्रश्न, तुम्ही तो कुठे पाहिला, त्याबद्दल काय कळत नाही आणि हा विशिष्ट अभ्यासक्रम ते कळण्यास कशी मदत करेल, एवढे यावे. लहानपणापासून लोकांना मदत करण्याची ओढ होती हे वाक्य आम्ही एका हंगामात इतक्यांदा वाचतो की डोळे ते आपोआप ओलांडून जातात.

शिफारसपत्रे बहुतेक ठिकाणी तीन लागतात. तुमच्या बाबतीत एक आरोग्य विभागातील वरिष्ठांचे असावे, एक शेवटच्या दोन वर्षांत शिकवलेल्या प्राध्यापकांचे, आणि एक आता ज्यांच्याकडे विषय घ्याल त्यांचे. ऑरगॅनिक केमिस्ट्री दुसऱ्यांदा ज्यांच्याकडे घेतली त्या प्राध्यापकांना तुम्ही आठवत असाल तर त्यांचाही विचार करा. एफवरून बीवर आलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्यांना सांगण्यासारखे काही असते. पत्र मागताना ट्रान्सक्रिप्ट आणि पुरवणीचा मसुदा दोन्ही पाठवा. पत्रलेखकाला कमी जीपीए माहीत असला तर तो त्याला सामोरे जाऊन लिहितो. माहीत नसला तर "उत्कृष्ट विद्यार्थिनी" असे लिहून मोकळा होतो, आणि ट्रान्सक्रिप्टशेजारी ते वाक्य विचित्र दिसते.

ज्या प्राध्यापकांनी अर्ज करू नका म्हटले, त्यांच्या सल्ल्यात निम्मे तथ्य आहे: सगळीकडे करू नका. यादी करताना पहिली कसोटी सेफ (सीईपीएच) या परिषदेची मान्यता. सार्वजनिक आरोग्याच्या शाळा आणि स्वतंत्र अभ्यासक्रम या दोहोंना ही एकच परिषद मान्यता देते, आणि नोकरीच्या जाहिरातींत पुष्कळदा मान्यताप्राप्त संस्थेचीच पदवी मागतात. मान्यता नसलेली, पण जीपीए न विचारता तत्काळ प्रवेश देणारी संस्था तुम्हाला नक्की फोन करेल, तिला होकार देऊ नका. दुसरी कसोटी विषयाची. एकाच संस्थेत एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे दार अरुंद असते, तर कम्युनिटी हेल्थ किंवा आरोग्य धोरणाचे तुलनेने रुंद. पण आत शिरून विषय बदलू या हिशेबाने भलत्या विषयाला अर्ज करू नका, कारण तो बदल अनेक ठिकाणी आपोआप मिळत नाही. तिसरी अनुभवाची. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या शाळेची एमपीएच पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ आरोग्यविषयक अनुभव मागते. असे अभ्यासक्रम तुमच्या नोकरीला किंमत देतात, हे खरे. पण तिथे स्पर्धाही तितकीच मोठी, म्हणून यादीत असे नाव एखादेच ठेवा आणि उरलेली चार-पाच नावे राज्य विद्यापीठांची, जिथे समन्वयकाने तुमच्या ईमेलला सरळ उत्तर दिले आहे.

पैशांचा विषय मला टाळता येत नाही. ३.० खालच्या अर्जदाराला प्रवेश मिळाला तरी असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातील कामाच्या बदल्यात मिळणारी आर्थिक मदत, मिळणे अवघड असते, कारण तिच्यासाठी जीपीएची वेगळी अट असू शकते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ग्रॅड प्लस ही सरकारी कर्जाची सोय १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली, आणि सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी सरकारी कर्जाची वार्षिक मर्यादा २०,५०० डॉलर ठेवली. वरची रक्कम खासगी कर्जाने उभी करावी लागेल. महागड्या खासगी विद्यापीठाने मदतीविना दिलेला प्रवेश आणि आपल्या राज्यातील विद्यापीठाने अर्धवेळ दिलेला प्रवेश यांत मी दुसरा घेण्यास सांगेन, नावाचा मोह कितीही असो. काउंटीच्या आरोग्य विभागातील नोकरी सोडण्याआधी तिथे शिक्षणशुल्काची परतफेड मिळते का, हेही विचारा.

हेच उत्तर वाचणाऱ्या, भारतात किंवा अन्यत्र पदवी घेतलेल्यांसाठी एक सूचना. तुमच्या टक्क्यांना २५ ने भागून जीपीए काढू नका. ६० टक्के म्हणजे २.४ असा हिशेब तिथे होत नाही. सोफासमध्ये परदेशी गुणपत्रिकांचे मूल्यमापन डब्ल्यूईएस या मूल्यमापन संस्थेकडून, विषयवार करून घ्यावे लागते, आणि त्या देशाची गुणपद्धती लक्षात घेऊन ग्रेड दिले जातात. स्वतःच्या मनाने आकडा काढून निराश झालेले अर्जदार मी पाहिले आहेत. एटीकेटीचे प्रयत्न गुणपत्रिकांवर दिसत असतील तर त्यांना वरच्यासारखीच तीन-चार वाक्यांची पुरवणी जोडा.

वेळापत्रक असे ठेवता येईल. सोफासचा नवा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो, आणि ज्यांना आर्थिक मदत हवी त्यांच्यासाठीच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. ट्रान्सक्रिप्ट पोचणे आणि ग्रेडची पडताळणी यांत काही आठवडे जातात, म्हणून मुदतीच्या दिवशी अर्ज दाबणे धोक्याचे. फॉल, म्हणजे शरद ऋतूच्या सेमिस्टरला जैवसांख्यिकी घ्या. नोव्हेंबरमध्ये अर्ज पाठवा आणि हा विषय चालू असल्याचे त्यात दाखवा. ग्रेड लागताच नवी ट्रान्सक्रिप्ट प्रत्येक विभागाला कळवून पाठवा. त्या जानेवारीच्या ईमेलने फाइल पुन्हा उघडली जाते, आणि डळमळीत अर्जाच्या बाबतीत ती दुसऱ्यांदा उघडली जाणे फार मोलाचे असते. विषय ए न देता बीवर संपला, तर हा हंगाम वाया गेला असे समजू नका. स्प्रिंगला एपिडेमिऑलॉजी घेऊन पुढच्या हंगामात तोच अर्ज सुधारून पाठवा, आणि ज्यांनी नकार दिला त्यांना कारण विचारा. सगळे सांगत नाहीत, पण जे सांगतात ते खरे सांगतात.

तुम्हाला येणारा होकार बहुधा सशर्त असेल. त्या पत्रात तीन गोष्टी शोधा: पहिल्या किती क्रेडिटमध्ये कोणता ग्रेड राखायचा आहे, तो प्रत्येक विषयात की सरासरीत, आणि अट पूर्ण होईपर्यंत कर्ज किंवा असिस्टंटशिप मिळते की नाही. "पहिल्या नऊ क्रेडिटमध्ये प्रत्येक विषयात किमान बी" अशी अट असेल तर त्या नऊ क्रेडिटचे विषय स्वतः निवडता येतात का ते विचारा. निवडता येत असतील तर जैवसांख्यिकीचा वरचा विषय पहिल्याच सेमिस्टरला घेऊ नका. त्याच्याआधी एकदा सल्लागाराशी बसून दोन सेमिस्टरची वाटणी कागदावर करून घ्या, आणि मग होकार कळवा.